दोन मिलिमीटरांचा पडदा

मराठी माणसाचा सारा संसार दमावर चालतो. तो दम धरतो, दम खातो, दुसऱ्याला दम देतो आणि जिना चढताना त्याला दमही लागतो. त्याचा ऊर भरून येतो, जीव वर-खाली होतो, आणि उशिरा निघालेली मुलगी सुखरूप घरी पोचली की तोच जीव भांड्यात पडतो. श्वासावर एवढी शब्दसंपत्ती उधळणाऱ्या ह्या भाषेने, ज्या स्नायूच्या जोरावर हा श्वास चालतो त्याला मात्र घरगुती नाव दिलेले नाही. काळजाला नाव आहे, आतड्याला आहे, प्लीहेसारख्या अडगळीत पडलेल्या अवयवालासुद्धा 'पानथरी' असे देखणे नाव आहे. ह्या बिचाऱ्याला पाठ्यपुस्तके 'श्वासपटल' म्हणतात, डॉक्टरमंडळी 'डायफ्रॅम' म्हणतात, आणि तुम्ही-आम्ही, उचकी लागेपर्यंत, त्याला काहीच म्हणत नाही.

ह्या सदराचे नेहमीचे वाचक आता म्हणतील, "प्राध्यापकमहाशय, शब्दांचा कीस पाडणे हा तुमचा धंदा, पण ऐन दिवाळीत शरीरशास्त्र कशाला? चकलीबरोबर काढा का वाढता?" प्रश्न रास्त आहे. पण मी ज्या मुलखात मराठी शिकवतो त्या जुन्नर-आंबेगाव भागात ह्या बिननावाच्या स्नायूवर दर पावसाळ्यात कुणाचा ना कुणाचा जीव टांगलेला असतो. शिवाय फराळ संपायच्या आत वाचून होईल इतपतच लिहीन, एवढी हमी देतो.

प्रथम ओळख करून देतो. छाती आणि पोट ह्यांच्यामध्ये उपड्या परातीसारखा एक स्नायूचा पडदा ताणलेला असतो. आपण श्वास घेतो तेव्हा तो आकसतो आणि खाली सरकतो; वर छातीत जागा होते आणि हवा आपोआप आत येते. तो सैल पडला की पुन्हा वर जातो आणि श्वास बाहेर पडतो. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या श्वासाचे बहुतेक काम हा एकटाच उरकतो. त्याला हुकूम पोचवणारी मज्जातंतूंची जोडी मानेतून निघते आणि छातीतून खाली येते. मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाचे २१,६०० होतात. आपल्या योगग्रंथांनी अजपाजपाची संख्या नेमकी हीच सांगितली आहे. हृदयाची धडधड निदान ऐकू येते. हा मात्र दिवसातून एकवीस हजारांवर फेऱ्या घालतो आणि पगारवाढ कधी मागत नाही.

आता मुलूख. जुन्नर म्हटले की तुम्हांला शिवनेरी आठवते, लेण्याद्रीचा गिरिजात्मज आणि ओझरचा विघ्नहर आठवतो. आंबेगाव म्हटले की भीमाशंकर. पूर्वेकडे ऊस, कांदा आणि नारायणगावचा टोमॅटोचा बाजार. पश्चिमेकडे सह्याद्रीच्या कुशीत भातखाचरे, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळ्यांच्या वाड्या. नाणेघाटातल्या गुहेत ज्या सातवाहन राणीचा शिलालेख आहे तिचे नाव नागनिका. राणीच्या नावातच नाग यावा, ह्यात ह्या मुलखाला नवल वाटत नाही. खोडदच्या परिसरात रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी त्या टिपतात. आणि तिथून काही कोसांवर, जमिनीवर अंथरूण घालून निजलेल्या माणसाला आपल्या वाकळेत शिरलेल्या सापाची चाहूल लागत नाही.

हा साप म्हणजे मण्यार. कोकणात ह्यालाच कांडर म्हणतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. घोणस आणि फुरसे ह्यांचे विष मुख्यतः रक्त नासवते. नाग आणि मण्यार ह्यांचे विष मज्जातंतू आणि स्नायू ह्यांच्यातला निरोप तोडते. त्यांतही नागाचा बाणा उघड असतो. तो फणा काढतो, फुसकारतो, चावला तर ठणका लागतो, सूज येते. मण्यार काळी, अंगावर पांढरे बारीक पट्टे, आणि वावर रात्रीचा. निजलेल्या माणसाला ती चावते आणि बहुधा ना सूज येते ना वेदना होते. कित्येकदा दाताची खूणसुद्धा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, उलटी होते. घरचे म्हणतात, रात्रीचे अन्न बाधले. मग पापण्या जड होतात. घरचे म्हणतात, झोप झाली नाही. मग गिळता येईना, बोलता येईना, मान उचलता येईना, आणि शेवटी तो पडदा हलायचा थांबतो. राजस्थानात 'पीवणा' नावाच्या सापाची दंतकथा आहे; तो म्हणे निजलेल्याच्या छातीवर बसून त्याचा श्वास पिऊन टाकतो. दंतकथेतला तपशील चुकीचा आहे, पण निरीक्षण किती अचूक! सकाळी माणूस अंथरुणात गेलेला आढळतो, अंगावर जखम नाही, आणि श्वास तेवढा कुणीतरी नेलेला असतो.

माझ्या वर्गात आंबेगावच्या पश्चिम भागातला एक मुलगा होता. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला असताना तो आषाढात एकाएकी दिसेनासा झाला आणि गणपतीच्या सुमारास हडकलेल्या अंगाने परत वर्गात येऊन बसला. मण्यार चावली होती. तासानंतर तो सांगू लागला, "सर, डोळे उघडत नव्हते, बोट हलत नव्हतं, पण मला समदं ऐकू येत होतं." घशात नळी, श्वास यंत्राचा, बुबुळे विस्फारलेली, बघणाऱ्याला वाटावे की आत कुणी उरले नाही. कुणीतरी पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "आता कशाला ओढत बसायचं?" ते त्याने ऐकले. आई मात्र रोज कानाशी येऊन गावाकडच्या गोष्टी सांगत राही : गाय व्याली, आवणी उरकली, धाकटी रडते. तेही त्याने ऐकले. "आणि रोज कुणीतरी बरगडीपाशी थंडगार काहीतरी लावायचं, आणि यंत्र टेकवायचं. पाच-सहा दिवस कुणी काही बोललं नाही. मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, 'आज हलतोय.' मला कळेना, काय हलतोय! मी तर काहीच हलवत नव्हतो." हलत होता तो हाच पडदा. मुलाच्या हाताच्या बोटाला अजून जे जमत नव्हते त्याची सुरुवात त्याने केली होती, आणि ती दिसली होती सोनोग्राफीच्या पडद्यावर.

सोनोग्राफी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर डोहाळजेवण येते. पण हे यंत्र गर्भाशयाचे मिंधे नाही. माणसाच्या कानाला सेकंदाला वीस हजारांच्या आतलीच कंपने ऐकू येतात. ह्या यंत्राच्या दांडीतून सेकंदाला तीस लाखांपासून कोटीच्या वर कंपनांचा ध्वनी निघतो. तो शरीरात शिरतो, निरनिराळ्या थरांवर आपटून परततो, आणि परत यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र चित्र रेखाटते. लेण्यांतली वटवाघुळे अंधारात अशीच वाट काढतात. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड ह्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९५८ साली अशी चित्रे वैद्यकाच्या जगापुढे ठेवली. हवेशी मात्र ह्या ध्वनीचे वाकडे आहे, म्हणून कातडी आणि दांडी ह्यांच्यामध्ये ती थंडगार जेली लावतात. फुप्फुसात हवाच हवा, म्हणून डॉक्टर तिकडून जात नाहीत. उजव्या बाजूला बरगड्यांच्या खालून, यकृताच्या खिडकीतून, ते वर पडद्याकडे पाहतात. डाव्या बाजूला जठरातली हवा आडवी येते, म्हणून तिकडचा पडदा पाहणे जरा जिकिरीचे.

पाहायचे काय, तर दोन गोष्टी. पहिली, पडदा किती सरकतो. निरोगी माणसाच्या साध्या श्वासाला तो साधारण एक ते दोन सेंटीमीटर खाली येतो. दीर्घ श्वासाला त्याच्या कितीतरी पट. साध्या श्वासाला एका सेंटीमीटरपेक्षा कमी सरकला तर शंका घ्यावी, आणि श्वास घेताना खाली येण्याऐवजी वरच ओढला गेला तर तो लुळा पडला आहे असे समजावे. दुसरी गोष्ट जाडी. बरगड्यांच्या फटीतून पाहिले तर पडदा एका पांढऱ्या रेघेखाली दुसरी पांढरी रेघ, मध्ये काळसर पट्टा, असा दिसतो. श्वास सोडलेल्या अवस्थेत तो पट्टा जेमतेम दोन मिलिमीटर भरतो. श्वास घेतला की आकसून जाड होतो. ही वाढ मूळच्या जाडीच्या वीस टक्क्यांच्याही आत राहिली तर पडद्यात बळ उरलेले नाही, असा सर्वसाधारण हिशेब आहे. सगळी तपासणी खाटेजवळ, काही मिनिटांत, क्षकिरणांशिवाय होते. जाड अंगाच्या माणसात ती अवघड जाते, आणि पाहणाऱ्याचा हात बसलेला असावा लागतो. म्हणून कुणी शहाणा डॉक्टर तिच्या एकटीवर भिस्त ठेवीत नाही.

मग तिचा उपयोग काय? उपयोग असा, की श्वास बंद पडत चालला आहे हे लवकर कळणे फार अवघड असते. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजणारे छोटे यंत्र कोरोनाच्या साथीत घरोघर पोचले. पण स्नायू थकत चालले तरी त्यावरचा आकडा बराच वेळ चांगलाच दिसतो, आणि जेव्हा घसरतो तेव्हा भराभर घसरतो. म्हणून जुने-जाणते डॉक्टर रुग्णाला एका दमात आकडे मोजायला सांगतात. मघाशी तीसपर्यंत जाणारा आता बारालाच थांबला तर घंटा वाजली म्हणून समजावे. उताणे निजून मान किती वेळ उचलून धरता येते तेही पाहतात. परंतु लहान मूल घाबरून रडत असेल, म्हातारीची जीभ जड झाली असेल, तर आकडे कोण मोजणार? तिथे पडद्याची साक्ष काढता येते. तो रडत नाही आणि बोलायची त्याला गरज नसते.

आता उपचाराची बाजू. चारही सापांच्या विषावर आपल्याकडे एकच लस आहे. घोड्यांच्या रक्तातून ती तयार करतात. मज्जातंतूंच्या विषावर सुरुवातीला आठ-दहा कुप्या देतात, आणि लहान मुलालाही मात्रा तेवढीच, कारण सापाने मूल बघून विष कमी सोडलेले नसते. ही लस रक्तातले विष मारते. मण्यारच्या विषाने मज्जातंतूंची जी टोके मोडली ती मात्र तिला जोडता येत नाहीत. ती शरीरानेच पुन्हा उगवावी लागतात, आणि त्याला दिवस लागतात, कधी आठवडे. तेवढे दिवस श्वास कुणी घ्यायचा, एवढाच प्रश्न उरतो.

ह्या प्रश्नाचे उत्तर जगाला १९५२ साली कोपनहेगनमध्ये सापडले. पोलिओची भयंकर साथ होती, श्वास बंद पडलेली मुले रोज येत होती आणि यंत्रे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्यात छिद्र करून नळी घातली आणि रबराची पिशवी हाताने दाबून तिच्या फुप्फुसात हवा भरली. मुलगी वाचली. मग वैद्यकाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळी लावून खाटांशी बसले आणि रात्रंदिवस पिशव्या दाबत राहिले. आज रुग्णवाहिकेतून येणाऱ्या रुग्णाच्या तोंडावर जी फुगीर पिशवी दाबतात तीही डेन्मार्कमध्येच १९५० नंतरच्या दशकात जन्मली. घाटातल्या वळणांवर जो कुणी ती पिशवी न थकता दाबीत येतो, तो त्या दीड हजारांचाच गुरुबंधू.

आमच्या भागाचे भाग्य असे, की हे उत्तर इथे येऊन स्थिरावले. नारायणगावात डॉ. सदानंद राऊत आणि डॉ. पल्लवी राऊत हे दांपत्य वर्षानुवर्षे सर्पदंशाच्या रुग्णांवर उपचार करीत आले आहे, आणि सर्पदंशाने एकही मृत्यू होऊ नये असा ध्यास घेऊन त्यांनी गावोगाव लोकशिक्षणही केले आहे. घाटाखाली महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन ह्या औषधाचा वापर करून दाखवला आणि तो जगाने स्वीकारला. ते सर्पदंशावरही लिहीत आले. मोठे शोध मोठ्या शहरांतच लागतात, ही आपली एक शहरी समजूत आहे. रुग्ण जिथे पडतो तिथेच ज्याने डोळे उघडे ठेवले, त्याला दिसते. आणि रुग्ण काही थोडेथोडके नाहीत. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने २००० ते २०१९ ह्या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली असा अंदाज काढला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. त्यांत चौथाईहून अधिक पंधरा वर्षांच्या आतली मुले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत वरचे स्थान दिले, आणि २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा आपल्या केंद्र सरकारने २०२४ साली जाहीर केला.

श्वासाचे यंत्र लागले म्हणजे संपले, असेही नाही. फुकट जेवणारा पाहुणा जसा सुस्तावतो तसा आयता श्वास मिळाला की पडदाही सुस्तावतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, केवळ १८ ते ६९ तास यंत्रावर राहिलेल्या माणसांच्या पडद्याचे तंतू निम्म्याहून बारीक झालेले आढळले. म्हणून यंत्र लावावे केव्हा हे जितके महत्त्वाचे, तितकेच काढावे केव्हा हेही. घाई केली तर श्वास पुन्हा अडतो. उशीर केला तर पडदा आणखी रोडावतो, छातीत जंतुसंसर्ग होतो, आणि घरच्यांचे शेत गहाण पडते. इथेही डॉक्टर पडद्याची जाडी आणि हालचाल पाहून अंदाज बांधतात. माझ्या विद्यार्थ्याने ऐकलेल्या त्या दोन शब्दांचे मोल किती, हे त्याच्या आईला विचारा.

मात्र ह्या कथेत एक काटा आहे, आणि तो आपणच पेरलेला आहे. आज हातात मावेल एवढे सोनोग्राफी यंत्र मिळते. ते पिशवीत टाकून डॉक्टरने वाडीवर जावे, रुग्णवाहिकेत ठेवावे, असे कुणालाही वाटेल. पण आपल्या देशात ह्या यंत्राची नोंदणी करावी लागते, आणि ते वाटेल तसे हिंडवता येत नाही. फिरत्या यंत्रावर नियमांची करडी नजर असते. का? कारण ह्याच यंत्राने आपण पोटातल्या मुली शोधून काढल्या आणि मारल्या. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. १९९४ साली तो साऱ्या देशाचा झाला. कायद्याला मी नावे ठेवणार नाही. तो नसता तर आणखी किती मुली गेल्या असत्या! परंतु हिशेब पाहा : कर्ज काढले बंगल्यांतल्या आणि वाड्यांतल्या वंशाच्या दिव्यांसाठी, आणि व्याज भरावे लागते भातखाचरातल्या पोराला. कायद्याचा धाक राहून यंत्र श्वासापर्यंत पोचावे, अशी वाट शहाण्यांनी काढली पाहिजे.

शहरातल्या वाचकाने ह्यात काय करावे? एक तर भीमाशंकरच्या सहलीला जाल तेव्हा आणि गावी गेलात तेव्हाही, साप चावला तर आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, साप मारून बरोबर आणण्यात वेळ दवडू नका. चावलेला हात-पाय मोडल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालायला लावू नका, १०८ ला फोन करा आणि जिथे लस आणि श्वासाची सोय आहे तिथे गाठा. पावसाळ्यात, जमिनीवर निजलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या एकदम आल्या, तर अन्नाला दोष देण्यापूर्वी मण्यारची आठवण करा. दुसरे म्हणजे, यंत्रावर असलेल्या आपल्या माणसाच्या उशाशी बोलत राहा, आणि जे त्याने ऐकू नये ते खोलीबाहेर जाऊन बोला.

आणि तिसरे, दिवाळीचे. दोन मिलिमीटरांच्या ह्या पडद्याचे रक्षण आणखी एक पडदा करतो; त्याचे नाव मच्छरदाणी. नेपाळच्या तराईत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मच्छरदाणीत निजणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका पुष्कळच कमी असल्याचे आढळले. कडा अंथरुणाखाली नीट खोचल्या म्हणजे झाले. तुमच्या घरी धुणेभांडी करणारी बाई, सोसायटीचा रखवालदार, गावाकडे तुमची जमीन कसणारा गडी, ह्यांतल्या कुणाचे तरी म्हातारे आईबाप आणि पोरेबाळे आज रात्रीही जमिनीवर निजणार आहेत. ह्या भाऊबिजेला साडीच्या घडीत एक मच्छरदाणी, आणि जमलेच तर एक बाज आणि एक विजेरी घाला. ओवाळणीला हे शोभत नाही असे कुणी म्हटले, तर बिलाशक माझे नाव सांगा.